रॉनी चेर्वेनाकच्या आडव्या गोळ्या

माझी बहीण रॉनी जेवायला बसली आणि बशी रिकामी होईपर्यंत उठली नाही, असं मी आयुष्यात पाहिलेलं नाही. मध्येच मीठ आणायला उठेल, बाहेरून कुणाची गाडी गेली ते बघायला खिडकीशी जाईल, नाहीतर ओव्हन बंद केलाय की नाही हे पुन्हा एकदा तपासून येईल. आई म्हणायची, हिच्या पायाला देवाने भिंगरी लावूनच पाठवलीय.

अशा बाईने नेमबाजी करावी, तीही पिस्तुलाची, पन्नास यार्डांवरून, एका हाताने, ह्याचं गावात सगळ्यांना नवल. पण रेषेवर उभी राहिली की ती गोठायची. उजवा हात सरळ पुढे, डावा खिशात, आणि चेहरा असा की मागे घर पेटलं तरी मान वळणार नाही. बाबांनी आम्हा दोघांनाही क्लबात नेऊन शिकवलं होतं. मला जेवढं शिकवलं तेवढंच आलं. ताईला न शिकवलेलंही आलं.

तिचं कागदोपत्री नाव व्हेरोनिका. गावाची ती रॉनी आणि शाळेच्या पोरांची मिस रॉनी. खाणीच्या वरच्या अंगाला जो वळणावळणांचा रस्ता जातो, त्यावरच्या सगळ्या पोरांना शाळेत नेणारी पिवळी बस तीच चालवायची. आता जी पोरं त्या बसमध्ये चढतात, त्यांच्यातल्या कित्येकांच्या आयाही लहानपणी तिच्याच बसमधून गेल्यात. बर्फ असो, धुकं असो, रॉनीची बस आली नाही असं कधी झालं नाही.

गोळ्या ती घरीच ओतायची. आमच्या क्लबात विकतची काडतुसं घेऊन यायचं म्हणजे लग्नात घरोघरच्या बायका भाजून आणतात त्या कुकींच्या टेबलावर दुकानातली बिस्किटं मांडण्यासारखं. कुणी तोंडावर काही बोलत नाही, पण कळतं सगळ्यांना. माझं टायरचं दुकान. चाकांचा तोल साधायला रिमच्या कडेला शिशाचे छोटे तुकडे लावतात, ते जुने निघालेले तुकडे मी बादलीत साठवायचो आणि ताई बादली घेऊन जायची. गॅरेजचं दार सताड उघडं ठेवून भट्टीवर ते वितळवायचं, वरचा मळ काढायचा, साच्यात ओतायचं. मग गोळीला वंगण. मग पितळी पुंगळीत दारू, वर गोळी, आणि झालं काडतूस. हे सगळं करताना तिची चुळबुळ थांबायची. तिचा नवरा जीन म्हणायचा, "लोक बायकोला फिरायला नेतात. मी माझ्या बायकोला शिसं आणून देतो. तेवढीच घराला शांतता."

बिघडायला सुरुवात झाली ती शरद ऋतूत. जिल्ह्यातल्या क्लबांच्या सामन्यांत आमच्या संघाची पहिली भिस्त रॉनीवर असायची. त्या दिवशी झटपट फैरींची पाळी होती. पहिली गोळी गेली, दुसरी गेली, आणि पिस्तूल अडकलं. रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या ऐवजी मधेच चिमटली. तिने झटका देऊन काढली, पुढची फैर, पुन्हा तेच.

मी शेजारच्याच जागेवर होतो. पाळी संपल्यावर म्हटलं, "काय गं ताई, शिसं वितळवताना भांड्यात सूप सांडलं होतं काय?"

"तू तुझ्या कागदावरची भोकं मोज आधी," ती म्हणाली. "मोजायला काही असली तर."

बोलली हसून, पण पिस्तूल खाली ठेवलं ते आपटून. ताई पिस्तूल आपटत नाही. ते बाबांचं होतं.

पुढच्या दोन-तीन सामन्यांत हे पुन्हा पुन्हा झालं. तिने निदान केलं, की काडतुसं थोडी जाड होतायत, म्हणून नीट बसत नाहीत. तिने एक नवी डाय मागवली. काडतूस तयार झाल्यावर अगदी शेवटी त्याला चहूबाजूंनी दाबून मापात आणायची, अशी ती डाय. प्रत्येक काडतूस त्यातून काढायला लागली. अडकणं पुरतं गेलं नाही, पण बरंच कमी झालं. ताई खूश झाली. चार दिवस.

मग नेम गेला.

पन्नास यार्डांवर जिच्या गोळ्या कॉफीच्या मगाच्या बुडाएवढ्या जागेत बसायच्या, तिच्या कागदावर आता मूठभर वाटाणे उधळल्यासारखी भोकं दिसायला लागली. त्याहून वाईट म्हणजे काही भोकं गोल नव्हतीच. लांबट होती. गोळी सरळ जाण्याऐवजी हवेत कोलांट्या खात जाऊन कागदाला आडवी लागत होती. नेमबाजाला एक वेळ शिवी चालते, आडवं भोक चालत नाही.

तो हिवाळा तिने आम्हा कुणालाच सुखाने घालवू दिला नाही. आधी तिने वंगण बदललं. मग दारू बदलली. मग साचा जास्त तापवून बघितला, मग कमी. पिस्तुलाची स्प्रिंग बदलली. सगळं एका आठवड्यात. सुधारलं काही नाही आणि बिघडलं तर कशामुळे, ते कळायचा मार्गही उरला नाही. बसच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात माझ्या दुकानात फोन यायचा. मी गाडीखाली, हात काळे, आणि फोनवर ताई: "रेज, शिसं फार मऊ असेल का रे?" दुसऱ्या दिवशी: "रेज, फार कडक तर नसेल?"

"ताई, एक काहीतरी ठरव. माझ्या डोक्यावर दीड टनाची गाडी टांगलीय."

"तुला माझ्या नेमापेक्षा ती गाडी महत्त्वाची?"

"ह्या घडीला हो!"

एका दुपारी तर ती बादली घेऊन स्वतःच आली. दुकानाच्या फरशीवर ओतली सगळी. गिऱ्हाईक खुर्चीत पाय वर घेऊन बसलं. ताईने ढिगातून एक तुकडा उचलून माझ्या नाकासमोर धरला.

"हे बघ. जस्त! हल्ली चाकांना जस्ताचे तुकडे लावतात, आणि तू डोळे मिटून माझ्या बादलीत टाकतोस. शिशात जस्त गेलं की गोळी सुरकुतते, हे बाबांनी काय फक्त मलाच सांगितलं होतं?"

"एक तुकडा, ताई. आणि तो तुझ्या हातात आहे, म्हणजे भट्टीत गेलेला नाही. तुझ्या गोळ्यांना सुरकुत्या आहेत का?"

"ते मला नको शिकवू."

"आहेत का?"

गोळ्यांना सुरकुत्या नव्हत्या. आरशासारख्या होत्या. हातातला तुकडा ढिगावर टाकून ती निघून गेली, आणि तिथून पुढे माझ्याशी बोलणंच बंद. तो ढीग मला फावड्याने भरावा लागला. तिच्या रागापेक्षा मला दुसरंच खटकलं होतं. ती बादली दोन हातांनी, पोटाशी धरून आणलीन. एरवी अशा बादल्या ती एका हातात लटकवून न्यायची. पण माझ्याही डोक्यात राग होता. मी तो विचार पुढे नेला नाही.

ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत मांस चालत नाही, म्हणून आमच्या क्लबात दर शुक्रवारी मासे तळतात. सगळं गाव येतं. तळणीपाशी नेहमीचे मर्लकाका. मर्ल स्टालमन. आयुष्यभर बंदुका दुरुस्त केल्या, आता वय झाल्यावर मासे तळतात आणि दोन्ही कामांत घाई करत नाहीत. रॉनी त्यांच्याशेजारी उभी राहून कोबी-शेवयांची थाळी भरत होती. खरं तर भरत नव्हती, नुसती डावाने ढवळत होती.

"पोरी," मर्लकाका म्हणाले, "तू एका वेळी पाच गोष्टी बदलतेस. पाच जणांना एकदम विचारलंस की चोर कोण, तर पाचही जण बोंबलणार. एकेकाला विचार."

"विचारतेय की."

"आणि सगळ्यात आधी पिस्तूल शिकंज्यात लाव. माणूस बाजूला काढ. मग जे उरेल ते पिस्तुलाचं नाहीतर काडतुसाचं."

क्लबात लोखंडाचा एक शिकंजा आहे. सिमेंटच्या ओट्यावर घट्ट बसवलेला. त्यात पिस्तूल आवळायचं आणि दांडीने चाप दाबायचा. हात नाही, डोळा नाही, श्वास नाही.

"पुढच्या शनिवारी," रॉनी म्हणाली.

पुढच्या शनिवारी बस धुवायची होती. त्याच्या पुढच्या शनिवारी चर्चमध्ये अक्रोडाच्या पोळ्या लाटायला बायका कमी होत्या. मग सर्दी. मग जीनच्या मावशीला बघायला जायचं होतं, जिला ती वर्षानुवर्षं टाळत आली होती. आम्हाला वाटलं, मानी आहे. आपल्या हातच्या गोळ्या चारचौघांत यंत्रावर लावून बघायला कमीपणा वाटतोय.

ईस्टरला सणाच्या जेवणाच्या टोपल्या आशीर्वादाला घेऊन सगळे चर्चमध्ये जमले. तिची टोपली जीनने धरली होती. माझ्याशी ती बोलली नाही, पण अक्रोडाची पोळी जीनच्या हाती पाठवली. जीन म्हणाला, "घे. आणि तिच्याशी बोल रे बाबा. लग्नात पाद्रीने मला विचारलं होतं, सुखात साथ देशील का, दुःखात देशील का. शिशाचं काही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी जरा वेळ मागून घेतला असता."

"झोपते का नीट?"

"झोपते कुठे? परवा सगळ्या कपाटांचे कागद बदललेन. काल पुन्हा काढलेन, म्हणे तिरके लागलेत." मग आवाज खाली आणून म्हणाला, "रेज, तिला काहीतरी सलतंय. गोळ्यांचंच आहे का, कुणास ठाऊक."

त्यानंतरच्या शनिवारी मी क्लबात पोचलो, तर ताई आधीच आलेली. ओट्यापाशी फेऱ्या मारत होती. मला बघून म्हणाली, "आलास? चल, ते शिकंज्याचं एकदाचं करून टाकू." जणू मध्ये काही घडलंच नव्हतं.

मर्लकाकांनी पिस्तूल आवळलं. रॉनी मागे उभी राहिली, हात कोटाच्या खिशात घालून. काकांनी दांडी दाबली. एक, दुसरी, तिसरी. सगळी काडतुसं संपली तसे आम्ही कागदाकडे चालत गेलो. ती आमच्या पुढे, जवळजवळ धावत.

कागद चाळणीसारखा. भोकं चहूकडे, आणि त्यातली तीन तर ढळढळीत आडवी.

रॉनी हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. तिने मर्लकाकांच्या डोक्यावरची टोपी ओढून काढली आणि त्यांच्या टकलावर चक्क पापा घेतला.

"बघितलंत? बघितलंस रेज? माझा हात नाही! हाताचा दोष नाहीये माझ्या!"

हाताचं कुणी नावही काढलं नव्हतं.

मग मात्र काम झपाट्याने पुढे गेलं. मर्लकाकांनी पिस्तुलाची नळी सोडवून उजेडाकडे धरली आणि मला दाखवली. आतल्या आट्यांवर, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या पिळांवर, शिशाचा पापुद्रा चढला होता. ब्रश फिरवला तसे चांदीच्या वर्खासारखे तुकडे निघायला लागले. "गोळी नळीत घट्ट बसत नाहीये," काका म्हणाले. "बाजूच्या फटीतून जळता वायू पुढे घुसतो, शिसं वितळवतो, नळीला लिंपतो. मग पुढची गोळी धरायला आटे उरतातच कुठे? ती जाते आडवीतिडवी."

"पण गोळी बारीक नाहीये! मी प्रत्येक मोजते," ताई म्हणाली.

"मोजू की."

त्यांनी शिशाचा मऊ गोळा नळीतून ठोकत ठोकत पलीकडे काढला आणि मोजला. ते नळीचं खरं माप. मग ताईच्या डब्यातली सुटी गोळी मोजली. ती नळीपेक्षा किंचित जाड, म्हणजे जशी हवी तशीच. ताईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की बघ, मी म्हटलं नव्हतं?

"आता ह्यातली," काका म्हणाले, आणि तयार काडतूस एका पोकळ हातोड्यात घालून त्यांनी ओट्यावर आपटलं. पुंगळीतून गोळी सुटली. दारू बशीत सांडली. गोळी पुसून त्यांनी मायक्रोमीटरमध्ये धरली, आणि माप न वाचता तो तसाच ताईच्या पुढे केला.

तीच गोळी, तोच साचा, पण आता नळीपेक्षा बारीक.

ताईला एका क्षणात कळलं. "डाय," ती म्हणाली. "ती नवी डाय. ती काडतूस दाबते तेव्हा आतली गोळीही दाबते. पितळ दाबल्यावर जरा परत फुगतं, शिसं फुगत नाही. अरे देवा! हिवाळाभर मी चांगल्या गोळ्या करून स्वतःच्या हाताने चेपत होते!"

"माझ्या शिशाची माफी मागणार का आता?" मी विचारलं.

"तुझं शिसं काय रुसून बसलंय? मग? गप बस."

ती तशीच घरी गेली आणि ती डाय न वापरता नवी काडतुसं भरून परत आली. नळी तोवर काकांनी लख्ख केली होती. पिस्तूल पुन्हा शिकंज्यात. ह्या वेळी कागदाकडे जाताना कुणी धावलं नाही, कारण दुर्बिणीतून दिसलंच होतं. सगळ्या गोळ्या एकात एक. बाटलीचं बूच बसेल एवढं एकच फाटकं भोक. आणि एकदाही अडकलं नाही.

मी टाळी वाजवली. मर्लकाकांनी टोपी सरळ केली. "झालं," मी म्हटलं, "आता हाताने मार ताई, आणि चल जेवायला."

तिने पिस्तूल शिकंज्यातून काढलं. रेषेवर उभी राहिली. डावा हात खिशात, उजवा सरळ. मी मागे बाकावर बसून सँडविचचा कागद सोडायला लागलो. पहिली फैर. दुसरी. मग बराच वेळ काहीच नाही. मान वर करून पाहिलं, तर ती पिस्तूल खाली घेऊन पुन्हा वर उचलत होती. तिसरी फैर. आणि पिस्तूल अडकलं.

तिने पुंगळी काढली. पुन्हा उचललं. दोन गोळ्यांनंतर पुन्हा तेच.

दुर्बिणीत बघायची गरज नव्हती, तरी मी बघितलं. भोकं गोल होती, सुंदर गोल. पण कागदभर पसरलेली.

मर्लकाका उठले. "रेज, तू मार जरा. तिच्याच पिस्तुलाने, तिचीच काडतुसं."

मी मारली. माझा नेम काय सांगावा, पण एक पुंगळी अडकेल तर शपथ. एकामागून एक टणाटण बाहेर. पिस्तूल मागे झेपावतं तेव्हा मनगट घट्ट असावं लागतं. मनगट सैल पडलं की त्याला टेकायला काही उरत नाही, मग त्याचा वरचा सरकता भाग अर्धवटच मागे येतो आणि पुंगळी चिमटते. हे आम्ही दर नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतो. रॉनीने स्वतः कितीतरी जणांना सांगितलं होतं.

"पोरी," मर्लकाका हळूच म्हणाले, "गोळी बरोबर आहे."

"माहितीय," ती म्हणाली. पिस्तूल पुसलं, पेटीत ठेवलं. कडी लावताना बोटं दोनदा घसरली. काकांनी मदतीला हात पुढे केला नाही, त्याबद्दल मला त्यांचा अजून आदर वाटतो.

बाहेर ती तिच्या गाडीभोवती फिरत राहिली. आत बसेचना. टायरला पाय मारून बघितला, काच बाहीने पुसली, पुन्हा फिरली.

"ताई, थांब ना जरा."

"थांबून काय करू? थांबले की हलतो तो." तिने उजवा हात पुढे धरला. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत होती, जणू चिमटीत न दिसणारी गोळी वळतायत. "शरदापासून. आधी वाटलं, बसच्या चाकाने आखडलाय. मग पिस्तूल अडकायला लागलं आणि मी म्हटलं काडतुसं जाड आहेत. तसं म्हणायला बरं वाटलं रे. म्हणून ती डाय आणली. आणि तिने नेम घालवला तर आणखीच बरं वाटलं, कारण आता खरंच काडतुसांत दोष होता. दाखवता येईल असा. शिकंज्यात लावायची छाती होत नव्हती. त्यातून गोळ्या नीट गेल्या असत्या तर?"

मी म्हटलं, "डॉक्टरकडे जा आधी. हातच आहे, नस दबली असेल. डॉक्टर काय म्हणतात ते कळू दे, तोवर कुणाला काही..."

"आणि तोवर बस?"

"तोवर चालव की. काही झालंय का आजवर?"

"नाही झालं. परवा वरच्या वळणावर दार उघडायच्या दांडीवर हात टाकला आणि दांडी पहिल्या झटक्याला हललीच नाही. एवढंच. पोरगी खाली उभी, मी आत, हसत डाव्या हाताने दार उघडलं. ती म्हणाली, मिस रॉनी, आज उलटा हात? पाच वर्षांची आहे." ती पहिल्यांदाच जागच्या जागी उभी राहिली. "रेज, उतारावर तो हात चाकावर असतो. कागदावर गोळी आडवी गेली तर कागद मरत नाही."

"तुझं काम जाईल ताई."

"जाईल."

सोमवारी पहाटे ती बस ठेवतात त्या आवारात गेली, पण बसमध्ये चढली नाही. ऑफिसातल्या माणसासमोर किल्ल्या ठेवल्या आणि सांगितलं, उजवा हात भरवशाचा नाही, कशामुळे ते अजून माहीत नाही. तो बिचारा गडबडला. म्हणाला, "रॉनी, निदान आजची फेरी? वरच्या रस्त्याला मी आत्ता कुणाला पाठवू?"

"तू जा. तुझ्याकडे परवाना आहे ना? तिसऱ्या वळणाला ब्रेक आधीच लाव, नंतर नाही. आणि जुळ्यांना एका बाकावर बसवू नकोस, चावतात."

त्या सकाळी पोरं शाळेत उशिरा पोचली. ताई घरी येऊन अंगणाच्या पायऱ्या धूत बसली, असं जीनने सांगितलं. धुऊन झाल्या की पुन्हा पहिलीपासून.

डॉक्टरीणबाईंनी तिला कागदावर गोगलगायीच्या शंखासारखं वेटोळं काढायला लावलं, नाव लिहायला लावलं. नाव सुरुवातीला ठसठशीत आणि शेवटी मुंगीएवढं झालं होतं. कंपवात. आत्ताशी सुरुवात, एकाच बाजूला. गोळ्या सुरू झाल्या, म्हणजे औषधाच्या. त्यांनी फरक पडला, थोडाफार. पण बसचा परवाना परत मिळण्यातला नव्हता.

त्या उन्हाळ्यात घरी राहणं म्हणजे काय होतं, ते जीनला विचारा. ओटीला दोन वेळा रंग झाला. दुसरा आवडला नाही म्हणून तिसरा झाला. ती रडली का, मला माहीत नाही. माझ्यासमोर एकदाच चिडली, तेही जिन्याखाली बाबांची जुनी हातोडी सापडेना म्हणून. अर्धा तास सगळ्यांना शिव्या घातल्या, मग खाली बसली आणि म्हणाली, "मला हातोडी नकोच होती." मी शेजारी बसलो. थोड्या वेळाने ती उठलीच.

शाळा सुरू झाल्यावर ऑफिसातल्या त्याच माणसाचा फोन आला. लहान पोरांच्या बसमध्ये मागे बसून लक्ष ठेवायला कुणीतरी हवं होतं. ती हो म्हणाली, आणि पहिल्याच दिवशी घरी येऊन तणतणली. नवा चालक चांगला आहे, सावध आहे, काही म्हणजे काही दोष नाही, आणि तेच तिला सहन होईना. जुळी मात्र तिच्या दोन बाजूंना बसतात.

नेमबाजीचं मी विचारलं नव्हतं. एका शनिवारी क्लबात गेलो तर ती रेषेवर उभी. उजवा हात खिशात, डावा पुढे. पंचवीस यार्डांवर, नवशिक्यांसारखी. पिस्तूल डगमगत होतं, पण ती डगमग अडाण्याची होती, आजाराची नाही. मर्लकाका मागे खुर्चीत बसलेले. ती अख्खा दिवस तशी मारत राहिली. पुढच्या शनिवारीही. शिसं माझ्याकडूनच नेते, आणि जस्ताचा प्रत्येक तुकडा परत आणून माझ्या टेबलावर ठेवते.

शरदात जिल्ह्याचे सामने आले तेव्हा तिने संघात नाव दिलं. मी म्हटलं, "ताई, अजून वर्षभर थांबलीस तर?"

"पुढच्या वर्षी डावा असेल कशावरून?" ती म्हणाली. डॉक्टरीणबाईंना तिने हे विचारलेलं नाही. जीनने विचारलं, पण त्याने उत्तर आम्हाला सांगितलं नाही.

सामन्याला दरीपलीकडच्या क्लबातला एक जाड्या आला होता, दर वर्षी तिच्याकडून हरणारा. तिला उलट्या बाजूने उभी पाहून म्हणाला, "काय रॉनी, आज कोणत्या हाताने मारणार?"

"ज्याने तुझ्या कानाखाली मारता येत नाही त्याने. तो अजून शिकतोय."

सगळे हसले. तोही. मग ती रेषेवर उभी राहिली. झटपट फैरींत पुंगळ्या नीट बाहेर पडत गेल्या. भोकं गोल, पण सैल पसरलेली. संघात सगळ्यात कमी गुण तिचेच. आम्ही हरलो, आणि बऱ्यापैकी हरलो. जाड्याने येऊन तिचा हात हातात घेतला, डावा.

परतताना ती माझ्या ट्रकमध्ये शेजारी बसली. वाटभर बोलत होती. शेवटच्या पाळीत श्वास कुठे चुकला, अंगठा किती खाली हवा होता, पुढच्या शनिवारी सकाळीच जायचं, मी आलो नाही तरी ती जाणार, जीन सोडेल. प्रत्येक वळणाला तिचा पाय खाली ब्रेक शोधत होता. उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला होता. घराच्या वळणावर मी वेग कमी केला, आणि ट्रक पुरता थांबायच्या आत ती दार उघडून खाली उतरलीसुद्धा.